गेलेल्या माणसाचा बिल्ला

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शिक्षण चौथीपर्यंत. जत तालुक्यात आमच्या गावची शाळा चौथीलाच संपायची, पुढे शिकायचं तर दुसऱ्या गावी चालत जावं लागे, आणि वडील म्हणाले, पुरे झालं. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे किराणाची यादी आणि दुधाचे खाडे. तेव्हा आपल्या बेंगळूरच्या मराठी मंडळाचं हस्तलिखित जे कोणी तयार करतं त्यांनी चुका सुधारून घ्याव्यात, आणि माझं नाव कुठेही घालू नये. मी हळदीकुंकवाला येते तेव्हासुद्धा मागच्या खुर्चीवर बसते. लोकांनी वळून बघितलेलं मला सोसत नाही.

'अनुभव' हे पान मी दर अंकात वाचते. मागच्या अंकात एका बाईंनी विहिरीवरच्या सावलीचं लिहिलं होतं. खरं सांगू… वाचून मला हसू आलं होतं. आमच्या घरात असलं काही मानायची पद्धतच नव्हती. आमचे हे म्हणायचे, लिंबू दाराला कशाला, सरबताला ठेव. मीही तशीच, असं समजत होते. आता त्या विहिरीवाल्या बाईंची मनातल्या मनात माफी मागून हे लिहिते.

घरात हे कुणाला माहीत नाही. माझी मुलगी रेवती इथेच बेंगळूरात वाढली, शाळा कन्नड आणि इंग्लिश. मराठी बोलते, पण वाचायला दिलं तर एकेक अक्षर जोडत बसते. त्यामुळे ही वही टेबलावर उघडी राहिली तरी काळजी नाही.

आधी जागा सांगते. आम्ही जालहळ्ळी क्रॉसजवळ राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण जयम्मा. जिना एकच, तो तिच्या दारावरून वर येतो, आणि जयम्मा सकाळपासून दारातच बसलेली असते – भाजी निवडत, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत. तिला चुकवून मांजरही वर येत नाही. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधे एक अरुंद बोळ. त्या बोळात भिंतीला ह्यांची फळी लावलेली आहे.

फळीचं नीट सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे.

हे इथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. कामगाराला ड्रिल, गेज, मायक्रोमीटर काही लागलं की खिडकीशी येऊन मागायचं. पण तोंडी मागून मिळत नसे. प्रत्येक कामगाराला नोकरीला लागताना पितळेचे पाच गोल बिल्ले मिळायचे, पाचांवर त्याचाच नंबर. एक बिल्ला द्यायचा, एक हत्यार न्यायचं. हत्यार जिथलं असेल त्या खिळ्यावर हे तो बिल्ला लटकवायचे. हत्यार परत आलं की बिल्ला परत. संध्याकाळी भोंगा झाला की फळी रिकामी दिसली पाहिजे. एक जरी बिल्ला लटकत असला तर हे शटर ओढत नसत, मग बस चुकली तरी चालेल.

आणि माणूस नोकरी सोडून निघाला की त्याचा हिशेब व्हायच्या आधी पाचही बिल्ले ताब्यात घ्यायचे. घेतले की पंच मारून मधोमध भोक पाडायचे आणि तारेत ओवून डब्यात टाकायचे. म्हणायचे, "माणूस चांगला असतो गं. पण त्याचा बिल्ला बाहेर राहिला की तो कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही."

कारखाना बंद झाला तेव्हा सगळं भंगारात निघालं. हे फळी आणि तो डबा घरी घेऊन आले. मी कुरकुरले, एवढ्याशा बोळात हे धूड कशाला. पण खिळे उपयोगी पडले. सहा ओळी, ओळीत आठ खिळे. किल्ल्या, चाळणी, बाजाराची पिशवी, सगळं त्यावर. डबा माळ्यावर गेला.

तेव्हापासून आमच्या घरात एक बोलणंच पडलं – बिल्ला लटकतोय. गॅस चालू राहिला, नळ ठिबकतोय, कुणाचा निरोप द्यायचा राहिला… काहीही अर्धवट असलं की हे म्हणायचे, "बघा, बिल्ला लटकतोय." रेवतीसुद्धा लहानपणापासून तेच म्हणते. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी तोंडात तेच.

आता रेवतीचं. तिने आणि किरण म्हणून नागपूरचा मुलगा आहे, त्याने मिळून एचएसआर लेआउटमध्ये छोटी कंपनी काढली आहे. सगळे मिळून पाच जण. दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वेळा आणि कागदपत्रं ठेवायचं सॉफ्टवेअर करतात. घरून जायला-यायला चार तास मोडतात म्हणून ती आठवडाभर तिकडेच मैत्रिणीबरोबर राहते आणि रविवारी येते.

त्यांचं सगळं काम क्लाऊडवर चालतं. मी विचारलं होतं, क्लाऊड म्हणजे काय. ती म्हणाली, "आई, लग्नात आपण मोठी भांडी भाड्याने आणतो ना, तसं. मोठे कॉम्प्युटर दुसऱ्याचे, कुठे तरी लांब ठेवलेले. आपण लागतील तेवढे, लागतील तेवढा वेळ भाड्याने घ्यायचे. तासावर भाडं."

"आणि परत मोजून द्यायचे?"

"द्यायचे म्हणजे बंद करायचे. बंद नाही केले तर मीटर चालूच."

"आणि तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी मागवले तर?"

"त्याला चावी लागते. चावी म्हणजे लांबलचक अक्षरं असतात. ती आमच्याकडेच आहे. तू नको टेन्शन घेऊ, स्वल्प विश्वास ठेव."

मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, ह्यांच्या फंडाचे पाच लाख बँकेत मुदतीने ठेवले होते, तेही देईन म्हणाले होते, कधी अडलं तर. रेवती म्हणाली, त्याला हात लावायचा नाही, ते तुझ्या म्हातारपणाचं आहे. माझ्या नावावर दुसरं काही नाही.

तो शनिवार होता. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी बोळाच्या तोंडाशी बसून पीठ चाळत होते. टक् टक् असा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, पाल. मान वर केली तर फळीवर, दुसऱ्या ओळीत, एक बिल्ला लटकत होता आणि हलत होता. लाकडावर आपटून आवाज येत होता.

मला भीतीबिती काही वाटली नाही. वाटलं, रेवतीने मागच्या रविवारी माळ्यावरून काही काढलं असेल. उठून बिल्ला हातात घेतला. एकेचाळीस नंबर. मधोमध भोक – म्हणजे गेलेल्या माणसाचा. स्टुलावर चढून डब्याचं झाकण किलकिलं केलं, बिल्ला आत सोडला, हात धुतले आणि पुन्हा पीठ घेऊन बसले.

सव्वाअकराच्या सुमारास कणीक मळून झाली. हात पुसायला बोळातून जाताना बघते तर फळीवर बिल्लेच बिल्ले.

मोजले. सहा. वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या खिळ्यांवर. एका खिळ्यावर स्कूटरची जुनी किल्ली होती, तिच्यावरही एक. जवळ जाऊन नंबर वाचले. एकेचाळीस. एकेचाळीस. सहाच्या सहा एकेचाळीस, सगळ्यांना भोक.

एका माणसाला पाचच बिल्ले मिळायचे. तीस वर्षं ऐकलेलं आहे, त्यात चूक होणार नाही.

मी डबा खाली काढला. आत एकेचाळीस नंबरचे पाच बिल्ले तारेत ओवलेले तसेच होते, तारेला ह्यांनी मारलेला पीळही तसाच. मी मघाशी सोडलेला सुटा बिल्ला डब्यात नव्हता.

डबा तसाच उघडा ठेवून उठले. जिन्यात जाऊन हाक मारली, "जयम्मा, वर कुणी आलं होतं का?"

"यारू बंदिल्ल अक्का," जयम्मा म्हणाली. कुणी नाही आलं. मग म्हणाली, "का, कुणी यायचं होतं?"

मी म्हटलं, नाही, सहज. तिला काय सांगणार. तिने लगेच लिंबं आणली असती आणि गल्लीभर झालं असतं.

आत येऊन मी फळीसमोर जमिनीवर बसले. हे काय ते मला कळत नव्हतं, पण फळी वाचायला मला येत होती. ह्यांनी शिकवली होती. सहा हत्यारं बाहेर गेली आहेत. नेणारा एकच आहे. आणि तो आपल्याकडून केव्हाच गेलेला आहे.

हत्यारं आता आमच्या घरात कुणाची? रेवतीची, ते भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर. मी तिला फोन लावला. खूप वेळ वाजला.

"आई, शनिवार आहे," ती झोपेत म्हणाली. "झोपू दे ना गं."

बिल्ल्यांचं सांगायला माझं तोंड उघडेना. लाज वाटली… तिला वाटेल आई एकटी राहून भ्रमिष्ट झाली, आणि ती सगळं सोडून इथे येऊन बसेल. म्हणून मी आमच्या घरचंच बोलणं बोलले. म्हटलं, "रेवती, तुमच्या ऑफिसात एखादा बिल्ला लटकतोय का बघ."

"कसला बिल्ला?"

"गेलेल्या माणसाचा. कुणी काम सोडून गेलंय का तुमच्याकडचं?"

"आई, स्वप्न पडलं काय तुला? कोण जाणार, आम्ही पाच जण… प्राची गेली तीन महिन्यांपूर्वी. केक कापला, तू चिवडा पाठवला होतास."

"तिच्याकडून सगळं परत घेतलं?"

"लॅपटॉप घेतला, ऑफिसची किल्ली घेतली…"

आणि ती थांबली. पलंग करकरला, ती उठून बसली असावी.

"आई, ठेव. मी करते."

त्यानंतरचा सव्वा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. पोळ्या केल्या नाहीत. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून राहिले, बोळाकडे पाठ करून. एक वाजायला पाच-सात मिनिटं असतील, फोन आला. रेवतीचा आवाज कापत होता, पण ती रडत नव्हती.

प्राचीला दिलेली क्लाऊडची चावी बंद करायची राहिली होती. प्राचीने ती मुद्दाम कुणाला दिली नव्हती. तिने स्वतःच्या सरावासाठी काही लिहून इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, आणि त्यात ती अक्षरं तशीच राहून गेली. अशी अक्षरं शोधत फिरणारे चोर असतात म्हणे. एकाला ती सापडली. शुक्रवारी दुपारपासून त्याने रेवतीच्या कंपनीच्या नावावर प्रचंड मोठे कॉम्प्युटर भाड्याने घेतले होते, परदेशातल्या जागांवर, जिथे या मुलांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आतापर्यंतचं भाडं सहा लाखांच्या वर गेलं होतं.

"चावी मारून टाकली," ती म्हणाली. "मशिनीही सगळ्या बंद केल्या. सहा ठिकाणी चालू होत्या, आई. सहा."

मी म्हटलं, "सरी." म्हणजे बरं.

फोन ठेवून उठले आणि देवाचं नाव घेऊन बोळात गेले. फळी रिकामी होती. किल्ल्या, चाळणी, पिशवी, बस. मी भिंतीला टेकून मोठा श्वास घेतला. वाटलं, झालं, संपलं. आता कोथिंबीर आणू आणि दोन घास खाऊ, म्हणून बाजाराची पिशवी काढली. ती नेहमी शेवटच्या ओळीत, अगदी कोपऱ्यातल्या खिळ्यावर असते.

पिशवीच्या मागे, त्याच खिळ्यावर, बिल्ला होता. एकेचाळीस.

मी पिशवी हातात धरूनच फोन लावला.

"रेवती, अजून एक आहे."

"काय अजून एक? आई, मी आत्ता तीनदा बघितलं. सगळं बंद आहे."

"कोपऱ्यात बघ. नेहमी दिसत नाही अशा जागी. कशाच्या तरी मागे."

मागून किरणचा आवाज आला, "काय म्हणून राहिल्या काकू?"

"म्हणतेय, अजून एक मशीन चालू आहे."

"काकूंना कसं माहीत?"

मी ते उत्तर टाळलं. म्हटलं, "तुझे बाबा फळी रिकामी दिसली तरी शटर ओढायच्या आधी एकदा हात फिरवून बघायचे. एवढं कर. माझ्यासाठी कर."

दहा मिनिटांनी फोन आला. या वेळी ती रडत होती. काही जागा अशा असतात की त्या आपण मुद्दाम उघडल्याशिवाय यादीत येतच नाहीत. चोराने त्यातली एक उघडून तिथे सगळ्यात महागडी मशीन लावली होती, आणि तिथे जाण्यासाठी स्वतःची वेगळी चावीही करून ठेवली होती. तीच राहिली असती तर त्याला परत सगळं सुरू करता आलं असतं. किरणने नंतर हिशेब केला – सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत चालू राहिलं असतं तर तीस लाखांच्या पुढे. मग कंपनी राहिलीच नसती, आणि मुलं पुढची दहा वर्षं ते फेडत बसली असती.

त्या रविवारी रेवती घरी आली. जेवताना म्हणाली, "आई, खरं सांग, तुला कसं सुचलं?"

"काय माहीत. मनात आलं."

"आणि अजून एक आहे ते?"

"म्हटलं ना, तुझे बाबा हात फिरवून बघायचे."

तिने आमटी वाढून घेतली. मग हसली आणि म्हणाली, "बाबा असते तर आम्हाला खिडकीतूनच हाकललं असतं."

ती बोळातून दोनदा गेली, तिसऱ्यांदा तिने इथेच ठेवलेल्या स्वतःच्या स्कूटरची किल्ली नेमकी त्या कोपऱ्यातल्या खिळ्यावर अडकवली. बिल्ला तिथेच होता. मी तो काढला नव्हता, हात लावायचा धीर झाला नव्हता. तिने किल्ली बिल्ल्यावरच अडकवली आणि आत गेली. तिला दिसला नाही की बघूनही लक्षात आलं नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.

आता पैशाचं. मुलांनी क्लाऊड एका मधल्या एजंटकडून घेतलेलं होतं. त्याचं बिल आलं, सहा लाख एकोणऐंशी हजार. एजंट म्हणाला, चोरी झाली असेल तर कॉम्प्युटर ज्यांचे आहेत त्या वरच्या कंपनीला लिहा, ती माफ करेल तेव्हा मी परत देईन, पण बिल सात दिवसांत भरलंच पाहिजे, नाही तर खातं बंद. खातं बंद म्हणजे सगळ्या डॉक्टरांचं काम बंद. मुलांकडे जेमतेम एक लाख ऐंशी हजार होते. मी रेवतीला न विचारता बँकेत गेले आणि ह्यांच्या फंडाची मुदत मोडली. बँकेतल्या पोरीने तीनदा विचारलं, "अम्मा, कुणाचा फोन आला होता काय? कुणी घाबरवलं काय?" आजकाल म्हाताऱ्या माणसांना फसवतात ना, त्यासाठी. मी म्हटलं, नाही बाई, पोरीला द्यायचेत. सही करताना अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

रेवती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

वरच्या कंपनीशी लिहालिहीत तीन महिने गेले. त्यांनी सांगितलं ते सगळं मुलांनी केलं. जुन्या चाव्या मोडल्या. आत शिरताना फोनवर आकडा आल्याशिवाय दार उघडणार नाही असं केलं. खर्च ठरल्यापेक्षा वर गेला की लगेच निरोप यावा अशी सोय केली. ज्याचं जेवढं काम तेवढंच त्याला उघडेल, असं लावलं. रेवती मला हे एकेक सांगायची आणि मी म्हणायची, हे तर फळीवर होतंच. तुझे बाबा शिकाऊ माणसाला मायक्रोमीटरसारखं नाजूक हत्यार देत नसत.

पण एका प्रश्नावर घोडं अडलं. त्या कंपनीने विचारलं, अशी चोरी दिसली की आम्ही तुम्हाला इशारा पाठवतो. आमचा इशारा शनिवारी दुपारी तीन वाजता निघाला. तुम्ही चावी त्याच्या दोन तास आधी बंद केलीत. तुम्हाला कळलं कसं? त्यांना संशय होता की मुलांनीच काही केलं असेल.

किरण फोनवर म्हणाला, "काकू, आता काय लिहू? रेवतीच्या आईच्या मनात आलं म्हणून लिहू काय?"

"जे खरं आहे ते लिही," मी म्हटलं, आणि माझंच मला मनात खुपलं.

शेवटी त्याने लिहिलं, सोडून गेलेल्या माणसांच्या चाव्यांची तपासणी करताना आढळलं. तेही खोटं नव्हतं. रेवतीने खरोखरच तपासणी केली होती, फक्त ती कुणी सुचवली ते लिहिलं नाही. आता दर शुक्रवारी संध्याकाळी पाचही जण बसून कोणती मशीन चालू, कोणती चावी कुणाकडे, सगळं मोजतात. त्या मोजणीला ऑफिसात बिल्ला म्हणतात. मल्याळी मुलगा आहे एक, तोसुद्धा म्हणतो, "बिल्ला हो गया?"

पहिल्यांदा सहा जागांचे पैसे माफ झाले. एजंटने चार लाख साठ हजार परत दिले. त्या दिवशी मी बोळात जाऊन किल्ली उचलून पाहिली. बिल्ला होता. सातव्या जागेचं वरच्या कंपनीचं म्हणणं होतं की ती तुमच्या खात्यातून मुद्दाम उघडली गेली, म्हणून ते पैसे मिळणार नाहीत. दोन लाख एकोणीस हजार. रेवती म्हणाली, "आई, एवढे मी पगारातून तुला फेडते, हळूहळू." मी म्हटलं, लिहीत राहा.

मधल्या काळात मी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. डबा पुन्हा उघडून पाहिला. एकेचाळीसचे पाच बिल्ले तारेत, आणि एक खिळ्यावर. एकेचाळीस नंबर कुणाचा होता ते मला माहीत नाही. सांगणारं कुणी उरलेलं नाही. हे करणारे आमचे हेच होते, असंही मी म्हणणार नाही. मला कुणी दिसलं नाही, कुणाचा आवाज आला नाही. फक्त फळीवर जे होतं ते मी वाचलं. ते तिथे कसं आलं याचा उलगडा मला झालेला नाही, आणि कुणाला विचारायची माझी हिंमतही नाही. ज्यांना हसू येईल त्यांनी हसावं. मीही हसले होते.

गेल्या महिन्यात एका बुधवारी सकाळी मी इडलीचं पीठ ढवळत होते. रेवती आदल्या दिवशी मुद्दाम राहायला आली होती. आतून तिचा फोन वाजला, ती काही तरी इंग्लिशमध्ये बोलली, मग गप्प झाली. मग बोळातून धावत आली.

"आई, सातव्याचेही दिले. पूर्ण. दोन लाख एकोणीस हजार, सगळेच्या सगळे. आत्ता जमा झाले."

"सगळे?"

"सगळे. चल, बँकेत जाऊ. तुझे पाच लाख आजच परत ठेवायचे. मी गाडी काढते, किल्ली दे."

मी ओल्या हाताने फळीवरची किल्ली काढली. कोपऱ्यातला खिळा उघडा पडला. त्यावर काही नव्हतं. खाली पडलं का म्हणून वाकून पाहिलं, पिशवी झटकली, सगळ्या ओळींवरून हात फिरवला. फळी रिकामी होती.

"आई, काय शोधतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "बिल्ला लटकत नाही ना ते बघते."

बँकेत तीच पोर होती. पाच लाख पुन्हा ह्यांच्या फंडाच्या नावाने ठेवले. पासबुक मशिनीतून निघालं तेव्हा मी आकडा दोनदा वाचला. पूर्ण होता.